शंभरी ओलांडलेल्या नाट्यगृहाची दुरुस्ती : कशाला हात लावावा, कशाला लावू नये?

विंगेतून (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

आमच्या नाट्यगृहाने शंभरी ओलांडली आहे. जाड दगडी भिंती, सागवानी कैच्यांवर (छपराचा भार पेलणाऱ्या त्रिकोणी लाकडी चौकटींवर) कौलारू छप्पर, तिन्ही बाजूंनी लाकडी सज्जा आणि साधारण तीनशे खुर्च्या. सकाळी गाण्याची शिकवणी, दुपारी नृत्याचे वर्ग, संध्याकाळी तालमी आणि सुट्टीच्या दिवशी प्रयोग, असा तिथला दिवस असतो. मी बावीस वर्षं तिथे पडद्यामागे काम करतोय. पडदा ओढण्यापासून सुरुवात केली, आता कार्यकारिणीवर आहे.

आता नूतनीकरणाचं ठरलंय. निधी बऱ्यापैकी जमलाय आणि वर्षभर वास्तू बंद ठेवायचा विचार आहे. बैठकीत आलेला आराखडा असा: आतून सगळीकडे सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक पेंट, फॉल्स सीलिंग, वातानुकूलन, गुबगुबीत खुर्च्या, जमिनीवर गालिचा, रंगमंचावरच्या जुन्या फळ्या काढून काँक्रीट आणि त्यावर व्हिनाइल. दर्शनी भाग मात्र जसाच्या तसा ठेवणार. चित्रं देखणी आहेत. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली.

त्याच रात्री तालीम संपल्यावर मी आणि झाडलोट करणाऱ्या मावशी एवढेच आत होतो. उजव्या विंगेमागच्या भिंतीला सहज हात लावला, तर तळहाताएवढा पोपडा सुटून हातात आला आणि मागून ओला चुना घरंगळला. वर पाहिलं. बरोबर तिथेच कैचीचं टोक भिंतीत शिरतं. आराखड्यात त्या कोपऱ्याबद्दल एक ओळही नाही. मग रंगमंचाच्या मध्यावर उभं राहून मी नेहमीच्या आवाजात विचारलं, "मावशी, वरचे दिवे मालवले का?" सज्जाच्या शेवटच्या रांगेतून त्यांनी तिथूनच "हो" म्हटलं. माईक नाही, काही नाही. हे आपण आपल्या हाताने घालवून बसणार की काय, ही धास्ती तेव्हापासून मनात आहे.

सरळ प्रश्न विचारतो. काम सुरू होण्याआधी काय काय तपासून घ्यावं? आणि आराखड्यातल्या कोणत्या गोष्टी आत्ताच थांबवायला हव्यात? पुढची बैठक तीन आठवड्यांनी आहे.

---

चुनखडी

जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीत माझी हयात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पोपडा सुटला ती जागा तुमच्या अख्ख्या आराखड्यापेक्षा महत्त्वाची आहे. पाणी कुठून येतंय ते आधी शोधा. बहुतेक वेळा वर फुटलेलं कौल, तुंबलेली पन्हळ किंवा छप्पर आणि भिंत मिळतात तिथली उघडी फट निघते. जोरदार पाऊस पडत असताना टॉर्च घेऊन छपराखाली चढा. कोरड्या दिवशी काढलेल्या फोटोंवर विसंबू नका.

मग कैचीचं टोक. सागवान उघड्या हवेत शंभर वर्षं सहज टिकतं, पण भिंतीत गाडलेलं टोक श्वास घेऊ शकत नाही. ते आतून कुजतं आणि बाहेरून ठणठणीत दिसतं. हातोडीने ठोकून ऐका. चांगलं लाकूड खणखणतं, कुजलेलं भदभद वाजतं. शंका आली तर दाभण दाबून बघा, लोण्यात शिरल्यासारखा गेला तर समजा. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं. लाकडात २० टक्क्यांच्या वर ओल सतत राहिली की बुरशीला आमंत्रण मिळतं. टोक कुजलं म्हणून अख्खी कैची काढायची गरज नसते. कुजका भाग कापून नव्या सागवानाचा सांधा देता येतो, दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या आणि बोल्ट लावून. पण ती जागा उघडल्याशिवाय कोणीही अंदाजपत्रक देऊ नये आणि तुम्ही घेऊ नये.

आता सिमेंट. हे हात जोडून सांगतो, जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. तुमच्या भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. चुना सच्छिद्र असतो. भिंतीत शिरलेली ओल त्यातून हळूहळू बाहेर पडते आणि वाळते. सिमेंट आणि प्लास्टिक पेंट लावलं की ती वाट बंद. पाणी आतच राहतं, वर चढतं, सोबत क्षार आणतं, आणि वाळताना त्या क्षारांचे स्फटिक फुगून दगडाचाच पृष्ठभाग फोडतात. दुसरं असं की सांध्यातला मसाला नेहमी दगडापेक्षा मऊ हवा. भिंत थोडी हलली तर तडा सांध्यात जावा, कारण तो पुन्हा भरता येतो. दगड फुटला तर तो जोडता येत नाही.

चुन्याचं काम संथ असतं, हे कार्यकारिणीला आधीच सांगून ठेवा. कळीचा चुना पाण्यात घातला की उकळतो, तो विझवून नीट मुरू द्यावा लागतो. लावल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होतो, आणि हे महिन्याला साधारण एक मि.मी. इतक्या धिम्या गतीने चालतं. म्हणून पातळ थर द्यायचे, प्रत्येक थर ओलसर ठेवून वाळू द्यायचा, मगच पुढचा. घाईने जाड थर मारला की तडकतो, आणि मग लोक म्हणतात "चुना टिकत नाही".

शेवटचं आणि फुकटातलं काम: प्रत्येक तड्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने आडवी चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. काच फुटली तर तडा अजून हलतोय. वर्षभर शाबूत राहिली तर तो जुना, स्थिरावलेला तडा आहे, नुसता भरून घ्या. लाखोंचं लोखंड ओतण्याआधी ही काच काय सांगते ते बघा.

---

शेवटची रांग

वाखुसा (वाचनखूण साठवली). चुनखडी काका, तुम्ही काचेच्या पट्टीवर वेगळा धागा काढाच.

---

स्पष्टवक्ता

मी वेगळं मत मांडतो, कृपया राग मानू नका. माझी मुलगी अशाच एका जुन्या सभागृहात नाच शिकते. लाकडी सज्जा, एकच अरुंद जिना, डोक्यावर लोंबणाऱ्या वायरी. ती आत असते तेव्हा माझं लक्ष लागत नाही. इतिहास मलाही प्रिय आहे, पण सगळं पाडून नव्या नियमांप्रमाणे बांधलेलं सभागृह सुरक्षित असेल, हे नाकारता येईल का? मुलांच्या जिवापुढे दगड मोठे नाहीत. जुनं जपण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यावं.

---

आठ नंबरचा स्पॉट

@स्पष्टवक्ता, तुमची काळजी शंभर टक्के रास्त आहे. मी प्रकाशयोजनेतला माणूस. अशा छपरांखाली शिडीवर आयुष्य काढलंय, त्यामुळे आगीची भीती मला पुस्तकातून शिकावी लागली नाही. पण "नवं म्हणजे सुरक्षित" यावर थोडं लिहितो.

शिकागोचं इरोक्वा थिएटर उघडलं नोव्हेंबर १९०३ मध्ये. अगदी कोरं, आणि जाहिरात काय तर "संपूर्ण अग्निरोधक". पाच आठवड्यांनी, ३० डिसेंबरच्या दुपारी, एका आर्क दिव्याची ठिणगी पडद्याला लागली. आग प्रेक्षागृहात येऊ नये म्हणून खाली सोडायचा सुरक्षा पडदा मध्येच अडकला. बाहेर जायचे काही दरवाजे कुलूपबंद, काही आतल्या बाजूला उघडणारे, काहींच्या कड्या कशा काढायच्या तेच लोकांना कळेना. ६०० हून अधिक माणसं गेली, त्यात मुलं आणि बायका फार. दरवाजा बाहेरच उघडला पाहिजे आणि नुसत्या धक्क्याने उघडला पाहिजे, हा धडा नाट्यगृहांनी त्या दुपारी घेतला. दिल्लीच्या उपहार सिनेमाची आग १३ जून १९९७ ची, ५९ बळी. तिथे बाल्कनीत जादा खुर्च्या बसवताना बाहेर पडायची वाट अडवली गेली होती. दोन्हीकडे माणसं मेली ती वाट सापडली नाही म्हणून. इमारत किती वर्षांची होती याचा त्यात भाग नव्हता.

म्हणजे जुनी इमारत सुरक्षित आहे असं मी म्हणत नाही. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, १९१५ साली उभं राहिलेलं, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. दगडी भिंती उभ्या, आणि आतलं छप्पर-रंगमंच राख. ते फोटो बघून मला दोन रात्री झोप लागली नाही. लाकूड जपायचं असेल तर वायरिंगची एक जुनी वायरही जपायची नाही. सगळी काढा, नवी टाका, धातूच्या नळीतून न्या. प्रत्येक सर्किटला योग्य क्षमतेचा एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा), माणसाचा हात लागतो तिथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली, शॉक बसला की वीज तोडणारा). १,००० वॉटचे जुने दिवे काढून एलईडी लावले तर तेवढ्याच कामाला अंदाजे पंचमांश वीज लागते आणि छपराखालची उष्णता घटते. शिवाय धूर ओळखणारी यंत्रणा हवी, विशेषतः छपराच्या पोकळीत. म्हणूनच फॉल्स सीलिंगला माझा कडक विरोध. वर गळती झाली, उंदराने वायर कुरतडली, ठिणगी पडली, तर खालच्याला ती पांढरीशुभ्र पाटी फुटेपर्यंत पत्ता लागत नाही.

आणि एक गोष्ट @विंगेतून, ठळक लिहून भिंतीवर लावा. जुन्या वास्तूला सगळ्यात मोठा धोका दुरुस्ती चालू असतानाच असतो. व्हेनिसचं ला फेनिचे २९ जानेवारी १९९६ ला जळालं तेव्हा आत दुरुस्तीचं काम चालू होतं. शेजारचे कालवे साफसफाईसाठी आटवलेले, त्यामुळे अग्निशमनाच्या नावा जवळ येऊ शकल्या नाहीत. ग्लासगोची कलाशाळा २०१४ मध्ये जळाली, तिचं पुनरुज्जीवन चालू असताना २०१८ मध्ये पुन्हा जळाली. तेव्हा वेल्डिंग, ग्राइंडर, ब्लोटॉर्च यांना लेखी परवानगीशिवाय आत येऊ देऊ नका. असं काम दिवस संपायच्या बरंच आधी थांबवा आणि नंतर किमान तासभर एका माणसाने तिथेच बसून राहायचं. हे काम कंत्राटदाराच्या माणसावर सोडू नका. तुमचा माणूस बसवा.

---

षड्ज

मी ध्वनीचं काम करते. धागाकर्त्यांनी मावशींचा किस्सा लिहिला तो वाचून राहवलं नाही, कारण त्या एका "हो" मध्ये तुमच्या वास्तूची सगळी कमाई आहे.

सभागृहाच्या आवाजाचं शास्त्र फार जुनं नाही. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातलं एक नवं व्याख्यानगृह इतकं घुमायचं की बोललेलं कळेना. एकेक शब्द पाचेक सेकंद रेंगाळायचा. ते सुधारायचं काम वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकावर आलं. त्याने शेजारच्या थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, ऑर्गनच्या एका नळीचा सूर वाजवायचा, बंद करायचा, आणि स्टॉपवॉचवर तो विरेपर्यंतचा वेळ मोजायचा. मग आणखी काही गाद्या, पुन्हा मोजणी. सकाळ व्हायच्या आत गाद्या परत. त्यातून जे सूत्र निघालं ते आजही वापरतात: आवाज विरायला लागणारा वेळ = ०.१६१ × सभागृहाचं घनफळ ÷ एकूण शोषण. शोषण मोजायचं ते उघड्या खिडकीच्या चौरस मीटरात, कारण उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही.

तुमच्या सभागृहावर अंदाजे हिशोब मांडून दाखवते. समजा २० मी. लांब, १२.५ मी. रुंद, ८ मी. उंच. घनफळ २,००० घनमीटर. रिकामं असताना आवाज विरायला १.४ सेकंद लागत असतील, तर शोषण साधारण २३० चौ. मी. एक माणूस ढोबळमानाने ०.४ चौ. मी. इतका आवाज पितो. तीनशे माणसं आली की १२० ची भर, एकूण ३५०, वेळ ०.९२ सेकंद. संवादाला हे उत्तम, आणि गाण्यालाही थोडा ओलावा उरतो. आता गालिचा, जाड गाद्या आणि सच्छिद्र फॉल्स सीलिंग घालून शोषण ५०० वर नेलं तर वेळ ०.६४ सेकंदावर येतो. सीलिंगमुळे घनफळ घटलं तर तोही आणखी कमी. एवढ्या कोरड्या जागेत गाणाऱ्याचा सूर तोंडातून निघाला की गळून पडतो. गवई जोर लावतो, घसा बसतो, मग माईक येतो, मग मोठे स्पीकर येतात. रंगमंचावरचं कुजबुजणं कायमचं जातं.

आणि सज्जाचा तो लाकडी कठडा, त्यावरची नक्षी, खांब, कैच्या. ही सजावट आवाज निरनिराळ्या दिशांना विखरून टाकते. तिच्या जागी सपाट गुळगुळीत भिंत आली की मागच्या भिंतीवर आपटून आवाज परत येईल. २० मीटर जाऊन २० मीटर परत, म्हणजे शंभरेक मिलिसेकंदांनी. पन्नासच्या पुढे कानाला तो वेगळा प्रतिध्वनी म्हणून ऐकू येतो.

म्हणून काही तोडायच्या आधी आवाज मोजून ठेवा. मोठा फुगा रंगमंचाच्या मध्यावर फोडायचा आणि सभागृहात दहा-बारा जागी चांगल्या रेकॉर्डरवर तो टिपायचा. ला फेनिचेचा उल्लेख वर आला आहे. आग लागण्याच्या थोडंच आधी संशोधकांनी त्या सभागृहाच्या आवाजाची मोजणी करून ठेवली होती. थिएटर राख झालं, पण ते कसं ऐकू यायचं याची नोंद उरली. जसं होतं तसं, जिथे होतं तिथे, या आग्रहाने २००३ मध्ये ते पुन्हा उभं राहिलं.

वातानुकूलनाला माझा विरोध नाही. फक्त यंत्र भिंतीपलीकडे वेगळ्या पायावर बसवा आणि हवा मोठ्या नळीतून संथ सोडा. अरुंद नळीतून जोरात सोडलेली हवा शू-शू करते, आणि नाटकातली शांतता त्या आवाजाने भरून जाते.

---

घुंगरू

माझं म्हणणं फक्त रंगमंचाबद्दल. काँक्रीटवर व्हिनाइल हे वाचून अंगावर काटा आला.

मी तीस वर्षं कथक शिकवते. एका तासाच्या रियाजात पाय हजारो वेळा जमिनीवर पडतो. खाली लवचीक लाकूड असेल तर तो आघात फळी घेते. खाली काँक्रीट असेल तर टाच, गुडघा आणि कंबर घेतात. मध्यंतरी काही वर्षं मला एका नव्या सभागृहात फरशीवर वर्ग घ्यावे लागले. नडगीच्या हाडाच्या दुखण्याने चार मुली नाच सोडून घरी बसल्या. त्यातली एक फार गुणी होती, अजून डोळ्यांसमोर येते.

जुन्या फळ्या खराब झाल्या असतील तर बदला, पण खालची रचना पोकळ आणि लवचीक ठेवा: आडव्या-उभ्या रिपांची जाळी, टेकूंखाली रबराच्या गाद्या, वर जाड प्लाय किंवा फळी. तबलजीला विचारा, तोही हेच सांगेल. पोकळ लाकडी रंगमंचावर ततकाराचा (कथकमधल्या पायांच्या बोलांचा) जो भरदार नाद येतो तो काँक्रीटवर चट् चट् वाजतो.

---

दुसरी घंटा

आमच्याकडे हे सगळं होऊन गेलंय, म्हणून लिहितो. आमच्या संस्थेने दहा वर्षांपूर्वी अगदी असाच आराखडा मान्य केला. कंत्राटदाराने खालच्या दीड मीटर भिंतीला सिमेंट लावलं, "ओल येणारच नाही" असं सांगितलं. दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी सिमेंटच्या वरच्या कडेला, भिंतभर एका सरळ रेषेत, ओल उमटली. चुनखडी यांनी लिहिलंय तसंच झालं, पाणी वर चढलं. पुढे आम्ही ते सगळं छिन्नीने काढलं. काढताना दगडाचे टवके निघाले. ते दिवस आठवले की अजून जीव हळहळतो.

पण त्याहून मोठं नुकसान सांगतो. आम्ही वास्तू पूर्ण बंद केली. एक वर्ष म्हणून बंद केली ती साडेतीन वर्षं उघडली नाही. तेवढ्यात गाण्याची शिकवणी दुसरीकडे गेली, दोन हौशी नाट्यसंस्था विखुरल्या, बालनाट्याची मुलं मोठी होऊन बाहेरगावी गेली. उद्घाटनाला चकाचक सभागृह आणि समोर पाहुणे. रोज येणारं माणूस त्यात नव्हतं.

तेव्हा टप्प्याटप्प्याने करा. आधी छप्पर आणि पन्हळी, मग वीज आणि दरवाजे, मग भिंती. शक्य असेल तर एका खोलीत तरी शिकवणी चालू ठेवा. बंद करावंच लागलं तर कुठला वर्ग त्या काळात कुठे भरणार ते कागदावर ठरवल्याशिवाय कुलूप लावू नका. उशीर झाला म्हणून सगळं संपतं असंही नाही. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ मध्ये बंद पडलं आणि २०१६ मध्ये जीर्णोद्धार होऊन पुन्हा उघडलं. पण तेवीस वर्षांत एक अख्खी पिढी त्या दारातून आत गेली नाही.

---

उंबरठा

मी चाकाच्या खुर्चीवरून नाटकात काम करते. आतापर्यंत इतके जण बोलले, मला आत कसं येता येईल यावर कोणीच बोललं नाही, म्हणून लिहिते.

उताराचं साधं प्रमाण १:१२ आहे. दाराशी तीन पायऱ्या, समजा ४५ से.मी., तर ५.४ मी. लांबीचा उतार हवा. रंगमंच ९० से.मी. उंच असेल तर १०.८ मी., वर वळायला सपाट जागा वेगळी. तिथे उतार मावत नाही, छोटी उचलपट्टी (खुर्चीसकट वर नेणारी लिफ्ट) बसवावी लागते. बहुतेक ठिकाणी प्रेक्षागृहापर्यंत उतार करतात आणि काम झालं म्हणतात. म्हणजे मी नाटक बघू शकते, करू शकत नाही. ग्रीनरूमचं दार, ग्रीनरूममधलं स्वच्छतागृह आणि विंगेतून रंगमंचावर जायची वाट, तिन्ही ठिकाणी ९० से.मी. मोकळी रुंदी द्या. मागच्या वर्षी एका प्रयोगाला चार सहकाऱ्यांनी मला खुर्चीसकट उचलून रंगमंचावर ठेवलं. टाळ्या त्यांच्यासाठी वाजल्या. मला भूमिकेसाठी वाजलेल्या टाळ्या हव्या होत्या.

दर्शनी भाग बिघडेल म्हणून उतार नको असं कोणी म्हणालं तर त्यांना सांगा, उतार दगडी चौथऱ्याला न चिकटवता शेजारी सुटा उभा करता येतो. उद्या काढला तरी मूळ दगडाला ओरखडा नाही.

---

चुनखडी

@उंबरठा, चूक कबूल. पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवं होतं. तुमचा शेवटचा मुद्दा जतनाच्या मूळ तत्त्वाला धरून आहे: नवं जे घालाल ते ओळखू यावं आणि मूळाला इजा न होता काढता यावं. ऑस्ट्रेलियातल्या जतनतज्ज्ञांनी १९७९ मध्ये बर्रा सनद केली, तिचा गाभा असा की गरजेचं असेल तेवढं सगळं करा आणि एरवी शक्य तितकं कमी बदला. लोक यातला दुसरा भाग लक्षात ठेवतात. उतार, दरवाजे, वायरिंग ही गरजेची बाजू आहे.

---

स्पष्टवक्ता

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. आठ नंबर, तुमचा मुद्दा पटला. मी भिंतींना घाबरत होतो, घाबरायला हवं होतं कुलुपाला आणि वायरीला. काल मुलीच्या वर्गाला गेलो तेव्हा बाजूच्या दोन्ही दारांना हात लावून बघितला. एक आत उघडतं, दुसऱ्यापुढे जुन्या नाटकाचं नेपथ्य रचून ठेवलंय. संचालकांना लेखी दिलं आहे. नेपथ्य हलेपर्यंत रोज जाऊन बघणार आहे.

सज्जाला मात्र दुसरा जिना हवाच, यावर मी ठाम आहे.

---

आठ नंबरचा स्पॉट

दुसऱ्या जिन्याला माझाही पाठिंबा. आणि तो होईपर्यंत सज्जात प्रेक्षक बसवू नयेत.

---

शेवटची रांग

प्रेक्षक म्हणून एक मागणी. बायकांची स्वच्छतागृहं. मध्यंतर पंधरा मिनिटांचं, एकीला दोन मिनिटं धरली तर एका शौचालयात सातच जणी होतात. तीनशेतल्या दीडशे बायका, त्यातल्या निम्म्या गेल्या तरी पंचाहत्तर. म्हणजे अकरा लागतील. बहुतेक सभागृहांत तीन असतात. दुसऱ्या अंकाची पहिली दहा मिनिटं आम्ही रांगेत ऐकतो. कृपया हे "नंतर बघू" मध्ये टाकू नका.

---

विंगेतून (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. गेल्या आठवड्यात बैठक झाली, वृत्तांत देतो.

तुमचे प्रतिसाद छापून प्रत्येकाच्या हातात दिले. सुरुवातीला कुरबुर झाली, चित्रं सगळ्यांना आवडली होतीच. मग मी तो पोपडा टेबलावर ठेवला. आमच्या ज्येष्ठ सदस्यांनी तो उचलून बोटांनी चुरला, वास घेतला, आणि म्हणाले, "आधी वर कोण चढतंय ते ठरवा."

परवा पाऊस चालू असताना आम्ही तिघं छपराखाली चढलो. पन्हळीत पिंपळाचं रोप वाढलं होतं, त्याच्या मुळांनी सांधा फोडून पाणी सरळ कैचीच्या टोकावर सोडलं होतं. दाभण दोन बोटं आत गेला. तिथे तात्पुरता लोखंडी टेकू लावून घेतलाय आणि उजव्या बाजूच्या चार रांगा दोरी बांधून बंद केल्यात. बाकी अकरा टोकं पुढच्या आठवड्यात उघडणार.

फॉल्स सीलिंग, गालिचा आणि काँक्रीटचा रंगमंच आराखड्यातून निघाले. सिमेंटवर अजून एकमत नाही. चुन्याचं काम जाणणारे गवंडी मिळतील का, ही खरी अडचण आहे, तेव्हा चुनखडी काका, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. दुसरा जिना आणि स्वच्छतागृहं पहिल्या टप्प्यात घेतली. रंगमंचासाठी उचलपट्टीही मंजूर झाली. @उंबरठा, तिची जागा ठरवायला तुम्ही स्वतः याल का? आम्ही कागदावर दोन जागा काढल्या आहेत, पण खुर्ची वळते की नाही ते तुम्हीच सांगू शकाल.

फुगे काल रात्री फोडले. षड्ज ताई, बारा जागांचं रेकॉर्डिंग तुम्हाला पाठवतो. रिकाम्या सभागृहात आम्ही सगळे श्वास रोखून उभे होतो. फुगा फुटला, आवाज वर कैच्यांत गेला आणि हळूहळू विरला. तेराव्या वेळी मावशी म्हणाल्या, फुगा कशाला, मीच बोलते. त्यांनी सज्जातून पुन्हा "हो" म्हटलं. ते रेकॉर्डिंगही ठेवलंय, तेरावं म्हणून.

तड्यांवर सतरा काचा लावल्या आहेत. फुटली की इथे कळवीन.